द्राक्षांच्या गांवीं

आमच्या घरीं मद्याची बाटली कपाटांत असे आणि ती उघडपणें असे. कारण तिच्यावर 'द्राक्षासव' हें नांव छापलेलें असे. अशक्तपणा, अग्निमांद्य आणि परीक्षेचे दिवस या तिन्ही प्रसंगीं आई त्यांतले दोन चमचे समभाग पाण्यांत मिसळून आम्हां मुलांस देई. आसव म्हणजे आंबवलेला रस, आणि रस आंबला कीं त्यांत मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो, ही गोष्ट घरांतल्या एकाहि वडील माणसानें कधीं उच्चारली नाहीं. मद्याविषयीं मराठी मध्यमवर्गाची जी वृत्ति आहे तिचा हा उत्तम मासला होय, असें मला वाटतें. आमचें भांडण पदार्थाशीं फारसें नसतें. तें नांवाशीं असतें. सरकारचीहि तीच तऱ्हा. मुंबई राज्यानें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा केला; महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें; आणि तो कायदा व हें धोरण एकाच घरांतल्या सासूसुनेप्रमाणें एकमेकींकडे न पाहतां नांदत आहेत.

अशा संस्कारांत वाढलेल्या मला गेल्या शरदांत सव्वा महिना जर्मनीच्या फाल्झ प्रांतांत राहण्याचा योग आला. माझा भाचा ऱ्हाइन नदीच्या कांठीं लुडविग्सहाफेन येथें एका रसायनांच्या कारखान्यांत नोकरीस आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, दिंडोरी तालुक्यांत द्राक्षांची बाग करतात. मुलगा इंजिनिअर झाला, परदेशीं गेला, आणि जगाच्या पाठीवर इतकीं शहरें असतां नेमका अशा ठिकाणीं जाऊन पडला कीं जेथें अर्ध्या तासाच्या अंतरावर पुन्हा द्राक्षांचेच मळे! हें सांगतांना तो हंसतो. पण तें हंसणें मला कधीं पुरतें उलगडलें नाहीं. त्या सव्वा महिन्यांतल्या प्रत्येक शनिवारीं-रविवारीं आम्ही त्याच्या मोटारीनें तेथील खेडीं आणि त्या खेड्यांतले द्राक्षांच्या सुगीचे उत्सव पाहत हिंडलों.

तेथील त्या रस्त्याला जर्मन भाषेंत जें नांव आहे त्याचा सरळ अर्थ 'मद्यमार्ग' असा होतो. फ्रान्सच्या सीमेला टेकलेल्या श्वाइगेन या गांवाशीं तो सुरू होतो आणि उत्तरेस बोकेनहाइम येथें संपतो. लांबी ८५ किलोमीटर. एका बाजूला हार्ट नांवाच्या डोंगरांची सलग रांग, दुसऱ्या बाजूला ऱ्हाइनचें सपाट खोरें, आणि दोहोंच्या मधल्या उतारावर दोन-दोन तीन-तीन किलोमीटरांवर एकेक गांव. पश्चिमेकडून येणारा पाऊस डोंगर अडवून धरतो. म्हणून उत्तर युरोपांत कोणी अपेक्षा करणार नाहीं अशीं बदामाचीं आणि अंजिराचीं झाडें येथें अंगणांत वाढतात. साऱ्या प्रांतांत सुमारें २३ हजार हेक्टरांवर द्राक्षें आहेत. जर्मनींत याहून मोठा द्राक्षप्रदेश एकच आहे. मोटारींतून पाहिलें म्हणजे वेलींच्या सरळ ओळी डोळ्यांपुढून कंगव्याच्या दातांसारख्या सरकत राहतात. क्षणभर ओळीच्या शेवटचा डोंगर दिसतो, आणि तो नीट पाहावा तों पुढची ओळ आड येते.

रस्त्यावर ठिकठिकाणीं द्राक्षाच्या घोसाचें चिन्ह असलेल्या पाट्या आहेत, तेव्हां वाट चुकण्याचें भय नाहीं. अडचण आहे ती निराळीच. मद्याच्या उत्सवाला मोटारीनें जाणें यांत मूळचाच एक विनोद आहे. रक्ताच्या दर हजार भागांत मद्यार्काचा अर्धा भाग, एवढीच मुभा तेथील कायदा चालकास देतो, आणि नवशिक्या चालकास तेवढीहि देत नाहीं. त्यामुळें प्रत्येक उत्सवांत प्रत्येक मेजावर एक तरी मनुष्य असा दिसतो कीं ज्याच्यापुढें नुसत्या द्राक्षरसाचा पेला आहे आणि ज्याच्या मुद्रेवर एकादशीच्या दिवशीं श्राद्धाचें आमंत्रण आल्यासारखा भाव आहे. आमच्या मेजावर हा मान भाच्याकडे होता. त्याला पिण्याची हौस, पण मोटार त्याच्या हातीं. मला कसली हौस नाहीं, पण रस्त्याच्या उजव्या बाजूनें मोटार हांकण्याचें धैर्यहि नाहीं. भाचेसून दोघांकडे पाहून म्हणे, "मामा, देव देतो तेव्हां दांत नसलेल्याला चणे देतो तें हें असें." ऑगस्टच्या शेवटच्या रविवारीं मात्र हा तिढा तेथील लोकांनीं आपल्या परीनें सोडवला आहे. त्या दिवशीं जवळजवळ सगळा मद्यमार्ग मोटारींस बंद असतो आणि पायीं किंवा सायकलीवर येणाऱ्यांस मोकळा असतो. मोटारींच्या प्रवासासाठीं आंखलेल्या रस्त्याचा वर्षांतला एक मोठा सण मोटारी हद्दपार करून साजरा व्हावा, हें मला फार आवडलें.

गांवांत शिरतांना आमचें लक्ष प्रथम दारांकडे जाई. पुष्कळ घरांच्या दारावर काठीला बांधलेला केरसुणीसारखा झुबका किंवा हिरव्या डहाळ्यांचा गुच्छ टांगलेला असतो. पाडव्याला आपल्याकडे गुढी दिसते तसाच थाट. फक्त गडू आणि खण तेवढे नाहींत. या खुणेचा अर्थ असा कीं हें घर बागाईतदाराचें आहे, घरची वाइन तयार आहे, आत या आणि बसा. असलें घरगुती पेयगृह वर्षांतून चार महिन्यांहून अधिक चालवावयाचें नाहीं आणि चाळीसांहून अधिक माणसांची बैठक ठेवावयाची नाहीं, असा तेथें नियम आहे. तेवढें पाळलें तर खाणावळीचा परवाना लागत नाहीं. म्हणून हीं पेयगृहें म्हणजे ओसरी, अंगण, गोठा किंवा पिंपांचें तळघर यांचेंच चार दिवसांचें रूपांतर असतें. वाढावयास घरची आजीबाई, हिशेबाला नातू. दोन माणसांसाठीं वेगळें मेज मागितलें तर ते लोक बुचकळ्यांत पडतात. लांब बांकांवर अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसावयाचें, आणि अर्धा लिटर मावणारा जाड कांचेचा पेला मेजाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावयाचा, ही तेथील रीति. त्या पेल्याच्या अंगावर बोटें बसतील असे गोल खळगे असतात. चरबीनें हात ओशट झालेल्या खाटकांच्या हातून पेला निसटूं नये म्हणून ते काढले, अशी कथा सांगतात. उष्ट्याखरकट्याच्या आमच्या कल्पना घेऊन गेलेल्या माणसाची त्या फिरत्या पेल्यापुढें जी अवस्था होते, तिचें वर्णन मी करीत नाहीं. भाचेसुनेनें पहिल्याच दिवशीं आपल्या तिघांचा पेला निराळा मागून घेतला आणि त्यावर कोणी राग मानला नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

ज्या पेयासाठीं हे सगळे दिवस गाजतात, तें खरें पाहतां अजून वाइन झालेलेंच नसतें. रस काढून चार-आठ दिवस झाले आहेत, आंबणें ऐन भरांत आहे, साखर अर्धी उरली आहे आणि मद्यार्क अर्धा आला आहे, अशा अवस्थेंतला तो गढूळ, दुधट, फसफसणारा रस लोक मोठ्या आवडीनें पितात. त्याला 'फेडरवाइसर' म्हणतात. पिसासारखा पांढरा, असा त्या नांवाचा अर्थ. याच्या बाटलीला घट्ट बूच बसवतां येत नाहीं, कारण आंतल्या वायूनें बाटली फुटेल. म्हणून ती उभीच न्यावी लागते. मोटारींत ती मांडीवर धरून बसण्याचें काम माझ्याकडे होतें, आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणाला ती तान्ह्या मुलासारखी फुसफुसे. मीं तो रस दोन घोट घेऊन पाहिला. जिभेला प्रथम निव्वळ गोडी लागली, मग किंचित् चुरचुर, आणि शेवटीं भाकरीच्या आंबोणासारखा वास आला. मला चटकन् नीरा आठवली. पहांटेची नीरा निर्दोष, उन्हें चढलीं कीं तीच ताडी. आणि या दोन अवस्थांच्या मधली जी तासाभराची सीमारेषा, तिच्यावर हे लोक पंधरा दिवसांचा उत्सव करतात! याच्या जोडीला कांदा घालून भट्टींत भाजलेली जाड पोळी खातात. शाकाहारी माणसानें ती घेण्याआधीं विचारून घ्यावें. कांद्यांत बहुधा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे दडलेले असतात.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारीं आम्ही बाड ड्युर्कहाइमच्या जत्रेला गेलों. हिचें नांव 'सॉसेजांचा बाजार', आणि वाइनचा जगांतील सर्वांत मोठा उत्सव म्हणून हिची ख्याति सांगतात. दोन आठवड्यांच्या शेवटांस मिळून सहा लाखांच्या आसपास माणसें लोटतात. कागदोपत्रीं ही जत्रा १४१७ सालापासूनची. गांवाजवळच्या टेकडीवर संत मिखाएल याचें देऊळ होतें. त्याच्या यात्रेला येणाऱ्या लोकांस खाणेंपिणें पुरवावें म्हणून आसपासचे शेतकरी ढकलगाड्यांवर पिंपें व भाकऱ्या घालून आणीत. पुढें देव मागें पडला आणि गाड्या राहिल्या. आजहि जत्रेंतल्या जुन्या धर्तीच्या तंबूवजा दुकानांस ढकलगाडीचेंच नांव आहे. जेजुरीला किंवा शिंगणापुराला गेलेल्या माणसास यांत नवल वाटावयास नको. फरक इतकाच कीं आपल्याकडे देव अजून जागेवर आहे. जत्रेच्या मैदानाशेजारीं एक प्रचंड लांकडी पिंप आहे. १९३४ सालीं एका पिंपें करणाऱ्या बागाईतदारानें तें बांधलें. त्यांत १७ लाख लिटर वाइन मावेल, पण त्यांत वाइनचा थेंब कधीं पडला नाहीं. आंत उपाहारगृह आहे. एवढ्या मोठ्या पोटांत शेवटीं मेजें-खुर्च्याच भरल्या, हें पाहून मला कित्येक संस्थांच्या इमारती आठवल्या. पण तो विषय येथें नको.

पिंपाचें साल १९३४, आणि रस्त्याचें १९३५. हीं दोन सालें इतकीं लागून कां, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचें उत्तर मिळाल्यावर पुढचे कांहीं दिवस मला तो रस्ता पहिल्यासारखा पाहतां आला नाहीं. १९३४ आणि १९३५ या दोन्ही सालीं द्राक्षांचें पीक अमाप आलें. पण वाइन विकावयाची कोणी? १९३३ पर्यंत या भागांतला वाइनचा व्यापार मोठ्या प्रमाणांत ज्यू व्यापाऱ्यांच्या हातीं होता, आणि हिटलरचें राज्य आल्याबरोबर त्यांना या व्यापारांतून हुसकावण्यास आरंभ झाला होता. माल तुडुंब, आणि माल खपवणारा मनुष्य घालवून दिलेला! तेव्हां प्रांताचा नाझी अधिकारी ब्युर्केल यानें मोटारवाल्या प्रवाशांस गांवोगांवच्या तळघरांपर्यंत आणण्याची ही युक्ति काढली, आणि १९३५ च्या ऑक्टोबरांत, ऐन सुगींत, या रस्त्याचें समारंभपूर्वक उद्‌घाटन केलें. श्वाइगेनला रस्त्याच्या तोंडाशीं दगडी वेस आहे, ती पुढच्याच वर्षीं उभी राहिली. बरोबर पांच वर्षांनीं, पुन्हा ऑक्टोबरांतच, २२ तारखेला, याच ब्युर्केलनें आणि शेजारच्या बाडेन प्रांताच्या अधिकाऱ्यानें मिळून दोन्ही प्रांतांतल्या साडेसहा हजारांहून अधिक ज्यूंना एका दिवसांत घरांतून काढून आगगाड्यांत भरलें आणि दक्षिण फ्रान्समधल्या गूर्स येथील छावणींत धाडून दिलें. ज्यू लोकांच्या सुक्कोत सणाचे ते दिवस होते. तोहि सुगीचाच सण. पीक घरांत आल्यावर डहाळ्यांच्या मांडवांत बसून जेवावयाचें, हा त्याचा विधि.

नॉयश्टाट या गांवच्या गल्ल्यांतून उत्सवाचे दिवे पाहत हिंडतांना पायाखालीं कोठें कोठें पितळेची वीतभरहि नसलेली चौकोनी फरशी लागते. तिच्यावर एक नांव, जन्मसाल, आणि त्या माणसाचें पुढें काय झालें तें कोरलेलें असतें. त्या दारांतून तो मनुष्य गेला. भाच्याला त्या फरशा ठाऊक होत्या. तो म्हणाला, "मामा, इथले लोक हें लपवत नाहींत." तें खरें आहे. रस्त्याच्या जन्माची ही कथा मला कोणा टीकाकारानें कानांत सांगितलेली नव्हे. ती तेथें छापील मिळते. तरी एका फरशीवर सांडलेली वाइन एक तरुण मुलगी आपल्या रुमालानें पुसत असतांना मीं पाहिली, आणि नंतर ती मैत्रिणींबरोबर हंसत पुढें गेली, तेव्हां ती मला उत्सवांतली सर्वांत शहाणी व्यक्ति वाटली.

नॉयश्टाटच्या डोक्यावरच हांबाखचा किल्ला आहे. १८३२ सालच्या मे महिन्यांत तेथें वीस-तीस हजार लोक जमले, काळा-तांबडा-सोनेरी झेंडा फडकावला, आणि एका राष्ट्राची व लोकांच्या हक्कांची मागणी केली. जर्मन लोकशाहीचें तें उगमस्थान मानतात. शाळेंतल्या पोरासोरांस हा भाग पाठ असतो. मला मात्र तेथें एका निराळ्याच झेंड्याची हकीकत अधिक लागली. ड्युर्कहाइमचे बागाईतदार त्या दिवशीं काळा झेंडा घेऊन चढले होते, आणि आम्हां द्राक्षवाल्यांच्या नशिबीं आतां शोक आहे, अशा अर्थाचे शब्द त्यावर होते. प्रांत त्या वेळीं बव्हेरियाच्या राजाकडे, कर जबर, आणि शेजारच्या राज्यांनीं जकातीच्या भिंती उभारल्यामुळें वाइन विकण्याची वाट बंद. म्हणजे राष्ट्राच्या झेंड्याशेजारीं भावाचा झेंडा! मेहुण्यांना हें सांगितलें असतें तर ते म्हणाले असते, यांत नवें काय? कांद्याचा किंवा द्राक्षाचा भाव पडला म्हणजे निफाड-दिंडोरीचा शेतकरीहि मुंबईच्या वाटेला लागतोच.

उत्सवांत पीक दिसतें. पीक काढणारा क्वचितच दिसतो. आम्हीं तीन रविवार घडांचे देखावे पाहिले, घडांच्या माळा घातलेल्या पोरी पाहिल्या, चित्रांतले टोपलीवाले शेतकरी पाहिले. खुडणारे हात कांहीं दिसेनात. त्याचीं कारणें दोन. एक म्हणजे खुडणी आतां बहुतेक यंत्र करतें. वेलींच्या ओळीवर दोन्हीकडे पाय टाकून चालणारें तें घोडेस्वारासारखें उंच यंत्र वेलीला गदगदां हलवतें, मणी खालीं पडतात, आणि माणसांची मोठी टोळी दिवसभरांत करील तें काम कांहीं तासांत उरकतें. रस थंड राहावा म्हणून हें पुष्कळदां रात्रीं चालतें. दिवे लावून मळ्यांतून हिंडणारीं तीं यंत्रें दुरून समुद्रांतल्या होड्यांसारखीं दिसतात. जेथें अजून हातानें खुडतात, तेथें ते हात पोलंडचे किंवा रुमानियाचे असतात. ते लोक उत्सवाला येत नाहींत, दुसऱ्या दिवशीं पहांटे उठावयाचें असतें. दुसरें कारण हवेंत आहे. उन्हाळे वाढत चालले आहेत, घड लवकर पिकतात, आणि पूर्वीं जी खुडणी ऑक्टोबरांत ऐन रंगांत येई ती आतां पुष्कळ ठिकाणीं ऑगस्टअखेरीस सुरू होते. उत्सवाची तारीख मात्र पंचांगाला बांधलेली. म्हणून ऑक्टोबरच्या मिरवणुकींत सुगीचें नाटक चालू असतें तेव्हां बऱ्याच मळ्यांतली खरी सुगी कधींच तळघरांत जाऊन पडलेली असते.

एडेनकोबेनच्या बाजूच्या एका लहान गांवीं आम्ही एका वृद्ध बागाईतदाराच्या अंगणांत बसलों होतों. त्याची ११ हेक्टरांची बाग. भाचा पेल्यांतला रस तसाच ठेवून कुंपणापाशीं गेला, आणि वेलीचा ओलांडा हातानें चांचपून पाहूं लागला. एवढ्या दिवसांत त्यानें वेलीला हात लावलेला मीं प्रथम पाहिला. म्हातारा उठून त्याच्याजवळ गेला. आणि मग जें संभाषण झालें त्यांतलें मला कळलें तेवढें, आणि भाच्यानें मागाहून सांगितलें तेवढें, येथें देतों. भाचा म्हणाला, आमच्याकडे वर्षांतून दोनदां छाटणी करतात. एप्रिलांत खरड छाटणी. तिनें नवी काडी येते आणि तिच्या डोळ्यांत पुढचा घड बसतो. ऑक्टोबरांत गोडी छाटणी. तिनें तो घड बाहेर येतो. पीक मात्र एकच, जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. म्हाताऱ्याला हें खरें वाटेना. त्याच्या वेली नोव्हेंबरांत पानें टाकून झोंपतात. हिंवाळ्यांत निजलेल्या वेलीची एकच छाटणी, आणि मग वसंताची वाट पाहणें. तुमची वेल झोंपते केव्हां, त्यानें विचारलें. भाचा म्हणाला, झोंपत नाहीं. तिथें थंडी तेवढी पडत नाहीं, म्हणून कात्रीनेंच तिला ऋतु सांगावा लागतो. मग ती थकत नाहीं? थकते, पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ बागा काढून टाकाव्या लागतात. म्हाताऱ्यानें मान हलवली. तेथून थोड्या अंतरावर रोट नांवाचें गांव आहे; तेथें एक मळा सुमारें चारशें वर्षांचा आहे, तीस वर्षांच्या युद्धांतूनहि वांचलेला, आणि अजून फळतो.

एका गोष्टींत मात्र दोघांचें चटकन् जमलें. एप्रिलच्या शेवटीं कोंवळे कोंभ बाहेर पडल्यावर एखाद्या रात्रीं दंव गोठतें आणि वर्षाचें पीक सकाळपर्यंत काळें पडतें. त्या रात्रीं तेथील लोक ओळींमधून मोठमोठ्या मेणबत्त्या व शेकोट्या पेटवून जागतात. भाच्याचे डोळे एकदम चमकले. निफाडकडे डिसेंबरांत पारा उतरला म्हणजे मण्यांना तडे जाऊं नयेत म्हणून बागेंत शेकोट्या पेटवतात. लहानपणीं बापाबरोबर तो अशा कितीक रात्रीं जागला होता. धूर कोणत्या बाजूनें धरावा, ओलें गवत केव्हां टाकावें, याची त्या दोघांत अशी चर्चा सुरू झाली कीं भाचेसुनेनें आणि मीं दोन पोळ्या संपवल्या. शेवटीं म्हाताऱ्यानें आपलें दुखणें सांगितलें. लोक पूर्वीइतकी वाइन पीत नाहींत. पिंपाच्या भावानें विकावी तर खर्चहि सुटत नाहीं. शेजारच्यांनीं दोन मळे उपटले. मुलगी मदतीला येते, पण शनिवारीं-रविवारीं. बाकीचे दिवस ती शहरांत कचेरींत असते. "तुमचा बाप आतां बाग कोणाबरोबर करतो?" त्यानें भाच्यास विचारलें. भाच्यानें उत्तर दिलें तें एका शब्दाचें होतें, आणि त्याचा अर्थ मीं त्याला विचारला नाहीं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारीं नॉयश्टाटची मोठी मिरवणूक झाली. गांवोगांवचे रथ, बँड, जुन्या पोषाखांतले लोक, आणि रथांत बसलेल्या गांवोगांवच्या द्राक्षराण्या. ही राणी निवडण्याची प्रथा या प्रांतानें १९३१ मध्यें सुरू केली. साऱ्या जर्मनीची राणी पहिल्यांदा १९४९ सालीं याच गांवीं निवडली गेली. केवळ रूपावर ही निवड होते असें कोणी समजूं नये. माती, जाति, आंबवणें, बाजार यांवर तिला प्रश्न विचारतात. रथावरचे लोक वांकून रस्त्यावरच्यांच्या पेल्यांत वाइन ओतत होते, आणि लहान पोरें मिठाईसाठीं टोप्या पसरीत होतीं. आमच्या नवरात्राच्या आणि कोजागरीच्या याच दिवसांत हें चाललेलें पाहून मला आपल्या नव्याच्या पुनवेची आठवण झाली. नवें धान्य घरांत आलें, देवापुढें ठेवलें, वाटून खाल्लें. आपल्याकडे ज्वारीला आणि भाताला सण आहेत, हुरड्याला मेजवान्या आहेत, बैलाला पोळा आहे. द्राक्षाला कांहींच नाहीं. तें फार उशिरा आलें, आणि आलें तें थेट बाजारासाठीं आलें. अलीकडे नाशिकजवळच्या वाइनच्या कारखान्यांत शहरचे पाहुणे मोटारींनीं येतात आणि हौदांत उतरून द्राक्षें तुडवतात; तो उत्सव आहे खरा, पण तो पाहुण्यांचा. भाच्याला मीं हें बोलून दाखवलें. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे खुडा झाला कीं हिशेब होतो. व्यापाऱ्याचा ट्रक फाट्यावरून दिसेनासा होईपर्यंत बाबा बांधावर उभे असतात, आणि मग पैसे येईपर्यंत फोनजवळ. नाचायचं कधीं?"

परतीच्या आदल्या दिवशीं आम्ही ड्युर्कहाइमजवळ उंगश्टाइन येथें रोमन लोकांच्या शेतवाड्याचे अवशेष पाहावयास गेलों. १९८१ सालीं तेथें खोदतांना त्यांची द्राक्षें तुडवण्याची जागा सांपडली. हौद, उतार, रस वाहण्याची वाट, सगळें अगदीं स्पष्ट. भाच्यानें मोटार वरच्या वळणावर उभी केली, आणि तेथूनच घरीं फोन लावला. दिंडोरीला रात्रीचे साडेआठ झाले असावेत. मेहुण्यांचा आवाज मोठा. मला सर्व ऐकूं येत होतें. गोडी छाटणीला मजूर मिळाले होते, पण पावसानें दोन दिवस घालवले होते. मग त्यांनीं विचारलें, "तिकडे घड किती गोडीवर उतरवतात?"

तेथील लोक रसाची गोडी एक्सले या नांवाच्या मापानें सांगतात. एक लिटर रस तेवढ्याच पाण्यापेक्षां जितके ग्रॅम जड, तितके अंश. म्हाताऱ्यानें आपले नव्वद सांगितले होते. भाच्यानें मनांत आंकडेमोड करून तें आपल्याकडच्या मापांत बदललें. "साडेएकवीस, बाबा."

"साडेएकवीस?" मेहुणे क्षणभर थांबले. "आपण सतरा-अठराला उतरवतों. एवढी गोडी येईस्तोवर वेलीवर ठेवतात? मग पांखरें काय करतात?"

इतक्यांत खालच्या मळ्यांतून बंदुकीसारखा ठो आवाज झाला, आणि मैनांचा एक काळा थवा ओळींतून उठून रोमन भिंतीवरून पलीकडे गेला.

"हें कसलें रे?" तिकडून आवाज आला.

"पांखरांचंच, बाबा," भाचा म्हणाला, आणि तें यंत्र किती वेळानें वाजतें, त्याला काय खर्च येतो, जाळीपेक्षां तें स्वस्त पडतें कीं नाहीं, हें तो बापाला सविस्तर सांगूं लागला.